व्हेस्पा: मोटरसायकल न आवडणाऱ्या माणसाने काढलेली गाडी

दोनस्ट्रोक्या

परवा जुन्या गाड्यांच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं की बजाजची चेतक स्कूटर म्हणजे अस्सल देशी डिझाइन, आणि खाली भराभर "+१" पडले. चेतकवर माझाही जीव आहे पण हे काही पटलं नाही बुवा. चेतक बेतली व्हेस्पा स्प्रिंट ह्या इटालियन स्कूटरवर, आणि स्प्रिंटचं घराणं मागे मागे जात पोचतं १९४६ सालच्या पॉन्तेदेराला, म्हणजे इटलीत तोस्काना भागात पिसाजवळचं गाव. ती गोष्ट इतकी भारी आहे की तिथे प्रतिसादात कोंबण्यापेक्षा वेगळा धागा काढतोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

तर व्हेस्पा बनवणारी पियाज्जो ही मुळात काही दुचाकीवाली कंपनी नव्हे. १८८४ मधे जिनोव्हाजवळ सेस्त्री पोनेन्तेला सुरू झाली, आधी जहाजांच्या आतलं लाकूडकाम, मग रेल्वेचे डबे, मग विमानं. दुसऱ्या महायुद्धात पी-१०८ नावाचं चार इंजिनांचं अवजड बॉम्बर ह्यांचंच (मुसोलिनीचा मुलगा ब्रुनो १९४१ मधे ह्याच विमानाच्या अपघातात गेला). साहजिकच दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी पॉन्तेदेराचा कारखाना बॉम्ब टाकून झोडपला. युद्ध संपलं तेव्हा परिस्थिती काय, तर कारखाना मोडलेला, कामगार घरी बसलेले, विमानं बनवायची सोय नाही आणि बनवली तरी घेणार कोण. रस्ते उखडलेले, पेट्रोलची मारामार, मोटारगाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. मालक एनरिको पियाज्जोने ठरवलं की लोकांना परवडेल अशी छोटी गाडी काढायची.

पहिला प्रयत्न युद्ध चालू असतानाच उत्तरेला बिएल्लाला झाला, कारण कारखान्याचा काही भाग तिकडे हलवला होता. रेन्झो स्पोल्ती आणि व्हित्तोरिओ कासिनी ह्या इंजिनिअरांनी एमपी-५ नावाची स्कूटर केली, कामगार तिला 'पापेरिनो' म्हणायचे, म्हणजे आपला डोनाल्ड डक. दिसायलाही तशीच बेढब. मधे पायांच्या जागी मोठा उंचवटा, त्यात इंजिन, बसायचं तर टांग टाकूनच. एनरिकोला ती पसंत पडली नाही आणि त्याने काम दिलं कोर्रादिनो दास्कानियोकडे.

हा माणूस म्हणजे हेलिकॉप्टरवाला. १८९१ चा जन्म, आब्रुत्सो भागातल्या पोपोलीचा. १९३० मधे ह्याच्या हेलिकॉप्टरने रोमजवळ चाम्पिनोला उंची, अंतर आणि वेळ असे तिन्ही विक्रम केले होते. आकडे वाचून आज हसू येईल, उंची १८ मीटर, अंतर १०७८ मीटर, वेळ ८ मिनिटं ४५ सेकंद, पण तेव्हा जगात तेवढंही कुणाला जमलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ह्या गृहस्थाला मोटरसायकली मनापासून नकोशा वाटायच्या. बसायला अवघड, कपडे खराब करणारी, चेनचं वंगण उडवणारी आणि पंक्चर झाली की अर्धा दिवस खाणारी वस्तू, असं त्याचं मत.

माझ्या मते सगळी व्हेस्पा ह्या नावडीतून आलीय. टांग टाकायला नको म्हणून पुढचा भाग रिकामा आणि खाली पाय ठेवायला सपाट पाटा. चेन नको म्हणून इंजिन थेट मागच्या चाकाशेजारी, क्रँकवरून क्लच, क्लचवरून गिअर आणि गिअरबॉक्सच्याच शाफ्टवर चाक, मधे काही नाहीच. पाय लांब करून गिअर टाकायला नको म्हणून गिअर डाव्या मुठीत. चिखल उडू नये म्हणून समोर पत्र्याची ढाल. आणि पंक्चरचं उत्तर तर कळसच, पुढचं चाक दोन्हीकडून चिमट्यात (फोर्कमधे) न धरता एकाच बाजूने धरलेलं, विमानाच्या चाकासारखं, नट काढले की चाक बाजूला सरकवून हातात. पुढचं मागे, मागचं पुढे चालतं, म्हणून एकच स्टेपनी पुरते. मोटरसायकल डिझायनरला हे सुचलंच नसतं कारण त्याला चिमटा म्हणजे चिमटाच दिसतो.

२३ एप्रिल १९४६ ला फ्लॉरेन्समधे पेटंटचा अर्ज गेला. पहिली व्हेस्पा ९८ सीसी, ३.२ हॉर्सपॉवर, तीन गिअर, ताशी ६० किमी, ८ इंची चाकं. पहिल्या वर्षात २,४८४ विकल्या, पुढच्या वर्षी १०,५३५, आणि १९५६ च्या एप्रिलमधे दहा लाखावी बाहेर पडली. नावाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे (मालक प्रोटोटाइप बघून म्हणाला, ही तर गांधीलमाशी, इटालियनमधे 'व्हेस्पा'), त्यात शिरत नाही.

बाकी प्रतिसादात बोलू.

कोथरूडची_अनघा

मस्त लिहिलंय. पण 'गिअर मुठीत' हे दास्कानियो आजोबांचं उत्तर मला काही फार आवडलेलं नाही हो. बाबांच्या जुन्या स्कूटरवर शिकले मी, क्लच दाबून अख्खी मूठ फिरवायची, लक्ष्मी रोडच्या गर्दीत एक-दोन-एक-न्यूट्रल करत संध्याकाळपर्यंत मनगटाचं पार भरीत. आणि केबल सैल झाली की दुसरा समजून पहिला पडायचा.

पण सपाट पाट्याबद्दल शंभर टक्के. आई पाचवारी नेसून चालवायची स्कूटर, मोटरसायकलवर हे शक्यच नव्हतं. इटलीत हा विचार बायकांसाठी म्हणून केला होता की आपोआप झालं?

दोनस्ट्रोक्या

@अनघा, विचार करूनच. स्कर्ट घातलेली बाई, झगा घातलेला पाद्री, सूट घातलेला कारकून, सगळ्यांना बसता आलं पाहिजे हा हिशोब सुरुवातीपासून होता. १९४६ मधे मिलानच्या प्रदर्शनात तिथले आर्चबिशप कार्डिनल शूस्टर व्हेस्पा बघायला थांबले होते, कंपनीने त्या प्रसंगाचा बरोब्बर फायदा घेतला.

केबलचं म्हणाल तर पहिल्या गाड्यांना केबल नव्हतीच, मुठीपासून खालपर्यंत लोखंडी सळ्या आणि सांधे होते. केबल आली १९५१ च्या सुमारास. म्हणजे तुमच्या मनगटाला त्यातल्या त्यात सुधारित आवृत्ती मिळाली :)

लॅम्ब्रेटाप्रेमी

आता मी बोललो नाही तर पाप लागेल.

व्हेस्पाचं इंजिन उजव्या बाजूला लटकवलेलं आहे. अख्खं इंजिन! गाडी जन्मतःच एका अंगावर जड. ज्यांनी ज्यांनी चालवली त्यांना विचारा, हात जरा सैल सोडला की उजवीकडे ओढते. व्हेस्पाची इटालियन वैरीण लॅम्ब्रेटा, तिचं इंजिन मधोमध, सांगाडा जाड गोल पाइपचा, चाकं एकमेकांपासून लांब, वळणावर रेल्वेसारखी जाते. लॅम्ब्रेटा काढणारा फेर्दिनांदो इनोचेन्ती हा मूळ पोलादी पाइपांचा कारखानदार, मिलानच्या लाम्ब्राते भागात, त्यामुळे पाइपचा सांगाडा येणारच. त्याचाही कारखाना बॉम्बने उद्ध्वस्त झाला होता, त्याच्याकडेही विमानवालेच इंजिनिअर होते, चेझारे पाल्लाव्हिचिनो आणि पिएर लुईजी तोर्रे. १९४७ ला मॉडेल ए आलं, १२३ सीसी, मागच्या चाकाला शाफ्ट ड्राइव्ह, म्हणजे चेनऐवजी फिरता दांडा. आणि १९६२ मधे टीव्ही १७५ ह्या मॉडेलला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक! बाजारात विकल्या जाणाऱ्या दुचाकीला डिस्क ब्रेक पहिल्यांदा लॅम्ब्रेटाने दिला, हे मोटरसायकलवाल्यांना सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि एक. दास्कानियो आधी इनोचेन्तीकडेच स्कूटरच्या कामासाठी गेला होता असं सांगतात. त्याला दाबलेल्या पत्र्याची बॉडी हवी होती, इनोचेन्तीला आपले पाइप खपवायचे होते, तिथे बिनसलं आणि तो पियाज्जोकडे परतला. म्हणजे दोन्ही स्कूटरी एका भांडणातून निघाल्या म्हणा ना.

दोनस्ट्रोक्या

डिस्क ब्रेकबद्दल सलाम, त्यात वादच नाही.

पण बाजूच्या इंजिनावर तुम्ही घसरताय. चेन आणि शाफ्ट दोन्ही टाळायचे तर इंजिन चाकाच्या बाजूलाच येणार, मधे येऊच शकत नाही. तो सौदा होता. थोडी उजवीकडे जड चालेल पण भाग कमी, उडणारं वंगण शून्य, दुरुस्ती कुठल्याही गावात. लॅम्ब्रेटाच्या त्या शाफ्टचं पुढे काय झालं? १९५७-५८ नंतरच्या टीव्ही आणि एलआय मॉडेलांमधे त्यांनी स्वतःच तो काढून बंद डब्यातली चेन घातली.

रेखाटन

मी प्रॉडक्ट डिझाइन शिकवतो म्हणून थोडं टोचून बोलतो. "सगळी व्हेस्पा नावडीतून आली, प्रत्येक गोष्ट गरजेतून" हे ऐकायला छान वाटतं पण पूर्ण खरं नाही. मागचे दोन फुगीर गाल बघा. उजव्या गालाखाली इंजिन आहे, ठीक, गरज. डाव्या गालाखाली काय? हत्यारांचा डबा. हत्यारांना एवढा सुबक, बरोब्बर इंजिनाएवढा फुगवटा लागतो होय? तो काढला कारण एका बाजूला फुगलेली आणि एका बाजूला चपटी गाडी डोळ्याला खुपली असती. पुढे तिथे बॅटरी, काही मॉडेलांत स्टेपनी वगैरे आली, पण आधी आकार आला आणि काम मागून शोधलं. इथे दास्कानियो इंजिनिअर नसून डोळा असलेला माणूस आहे. आणि त्याच्याबरोबर ड्रॉइंग करणारा मारिओ देस्ते, त्याचं नाव तर धाग्यात अजून आलंच नाही.

दुसरं, पत्र्याच्या बॉडीचं खरं महत्त्व कुणी बोललेलं नाही. व्हेस्पाला चासी नाही. पत्राच चासी आहे, मोनोकॉक. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आठवा, बंद असताना त्यावर माणूस उभा राहतो आणि झाकण कापलं की हाताने दाबता येतो. विमानात हेच करतात, आत जड सांगाडा आणि वर कातडी असं न करता कातडीलाच भार घ्यायला लावतात. पियाज्जोच्या लोकांना पत्रा दाबणं, वाकवणं, स्पॉट वेल्डिंग (ठिपक्याठिपक्याने जोडणं) करणं ह्याचा हात होता, मोटरसायकलची पाइप फ्रेम जोडण्याचा नव्हता. म्हणजे आवडनिवड राहू दे, हाताशी कुठले कारागीर आहेत त्यावर डिझाइन ठरलं. इनोचेन्तीकडे पाइप होते म्हणून पाइप. इतकं सरळ आहे.

दोनस्ट्रोक्या

डाव्या गालाचा मुद्दा बिनतोड. मला तर वाटतं व्हेस्पा सुंदर दिसते ती तिथेच, बाकी सगळं उपयोगी आहे.

कारागिरांचंही पटलं, पण मग पापेरिनो? तीही पियाज्जोच्याच लोकांनी केली होती की, तोच पत्रा, तेच हात. फरक पडला तो डोक्याचा.

पो_नदीकाठचा

तूरिनहून लिहितोय. पॉन्तेदेराला जुन्या टूल वर्कशॉपमधे २००० साली म्युझियम काढलंय, पिसाला येणाऱ्यांनी तो मनोरा ढकलतानाचा फोटो काढून झाला की ट्रेनने जरूर जा, जवळच आहे. तिथे पापेरिनो ठेवलीय. आणि ती प्रत्यक्ष बघितल्यावर मला स्पोल्ती आणि कासिनीची बाजू घ्यावीशी वाटते. छोटी चाकं आहेत, समोर ढाल आहे, यंत्र झाकलेलं आहे. म्हणजे दास्कानियोने कोऱ्या कागदावर सुरुवात केली असं जे चित्र रंगवतात ते तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की विरतं. त्याने केलं काय, तर मधला उंचवटा उचलून मागे टाकला, चेन घालवली आणि पुढचं चाक एका हाताला धरलं. एवढंच, आणि एवढ्यानेच गाडी झाली.

आणखी मागे गेलं तर अमेरिकन सैन्याच्या कुशमन स्कूटर होत्या, पॅराशूटने खाली टाकायच्या. युद्धात इटलीभर लोकांनी त्या पाहिल्या होत्या. स्कूटर ही कल्पना इटलीची नाही.

अजून एक किस्सा. ९८ सीसीची साधी गाडी ५५,००० लिरांना होती आणि 'लक्झरी' ६१,००० ला. लक्झरी म्हणजे काय विचाराल तर स्पीडोमीटर, पांढऱ्या कडेचे टायर आणि... साइड स्टँड! सुरुवातीला खप रडतखडतच होता, हप्त्याने द्यायला लागले तेव्हा गाडी पळाली. विकायला दुकानंही नव्हती, मोतो गुझी ह्या मोटरसायकलवाल्यांनी विकायला नकार दिला आणि शेवटी लान्चाच्या मोटारींच्या शोरूममधून विकल्या.

कोथरूडची_अनघा

साइड स्टँड लक्झरी!! पुण्यात चालली नसती ही कंपनी 😂

शिरुभाऊ_आकुर्डी

ताई, पुण्यातच तर चालली. मी आकुर्डीचा, त्यामुळे पुढचा भाग मी घेतो.

बजाजवाल्यांची बच्छराज ट्रेडिंग १९४८ पासून व्हेस्पा आयात करून विकायची. १९५९ ला सरकारकडून दुचाकी-तीनचाकी बनवायचं लायसन्स मिळालं, १९६० ला पियाज्जोशी करार आणि १९६१ पासून व्हेस्पा १५० आकुर्डीहून निघायला लागल्या. १९७१ ला करार संपला, पुढे नूतनीकरण नाही. इटालियन नाव गेलं, पण साचे, मशिनं आणि शिकलेली माणसं इथेच. १९७२ ला चेतक आली. पुढे महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया, ती साताऱ्याची. चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे हे तरुण मंडळींना खोटं वाटतं.

लॅम्ब्रेटाही आपल्याकडे नवखी नाही बरं, मुंबईत भांडुपला एपीआयमधे (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) व्हायची, नंतर तीच 'लॅम्बी'. आणि १९७१ ला मिलानचा कारखाना बंद पडल्यावर सगळी यंत्रसामग्री सरकारने विकत घेऊन लखनौला नेली, तिथली सरकारी कंपनी स्कूटर्स इंडिया, आणि तिची स्कूटर विजय डिलक्स. म्हणजे दोन्ही इटालियन वैरिणी शेवटी इकडेच सासरी आल्या.

तीनचाकीचं तर कुणी बोलतच नाही. १९४८ मधे दास्कानियोनेच व्हेस्पाच्या मागे दोन चाकं आणि हौदा जोडून 'आपे' केली. आपल्या रिक्षाचं मूळ ते. पुढच्या खेपेला रिक्षात बसाल तेव्हा उतरल्यावर पुढचं चाक वाकून बघा, एकाच बाजूने धरलेलं आहे. हँडल तेच, मुठीतला गिअर तोच. पियाज्जो नंतर स्वतः आली ती बारामतीला, आधी मालवाहू तीनचाकी आणि २०१२ पासून व्हेस्पा. ह्या नव्या व्हेस्पाला गिअर नाहीत पण बॉडी अजून पत्र्याचीच मोनोकॉक आणि पुढचं चाक अजून एका हातावर.

लॅम्ब्रेटाप्रेमी

शिरुभाऊ, लॅम्बीची आठवण काढलीत, तुमचं भलं होवो.

@पो_नदीकाठचा, कुशमनचं मान्य पण कुशमन घेऊन कोण ऑपेरा बघायला गेलं असतं का? स्कूटर ही कल्पना इटलीची नसेल, पण ऑफिसला, चर्चला, लग्नाला सगळीकडे शोभेल अशी ती इटलीतच झाली. ह्यात मी व्हेस्पालाही मार्क देतो. एकदाच. परत मागू नका.

रेखाटन

हेडलाइटबद्दल राहिलं. पहिल्या व्हेस्पांचा दिवा पुढच्या मडगार्डवर होता, फोटोत बघितलं असेल, बेडकासारखा खाली. इंग्लंडमधे ब्रिस्टलची डग्लस कंपनी लायसन्सवर व्हेस्पा बनवायची, तिथल्या कायद्यात दिव्याची किमान उंची ठरलेली, तर त्यांनी तो उचलून ढालीवर बसवला. ५० च्या दशकाच्या मध्यात इटलीतही तो हँडलवर गेला. १९५५ ची जीएस १५० बघा, हँडलवर दिवा, १० इंची चाकं, चार गिअर, ताशी १०० किमी. माझ्या लेखी सगळ्यात देखणी व्हेस्पा तीच, ९८ नव्हे. ९८ मधे कल्पना आहे पण प्रमाणबद्धता जीएसमधे आली.

दोनस्ट्रोक्या

जीएसला विरोध करायची हिंमत नाही. पण फ्रान्सची आठवण करून देतो. तिथे लायसन्सवर बनवणाऱ्यांनी १९५६ मधे सैन्यासाठी व्हेस्पा १५० केली, तिच्यावर ७५ मिमीची रिकॉइललेस (उडताना मागे धक्का न देणारी) तोफ आडवी बसवलेली, नळी समोरच्या ढालीतून बाहेर. विमानाच्या कारखान्यातली माणसं युद्ध संपलं म्हणून जी गाडी करतात तिच्यावर दहा वर्षात तोफ चढते, आता ह्याला काय म्हणायचं.

रत्नांग्रीचो_पिंट्या

मंडळी एवढे जाणकार जमलेत तर एक शंका. आजोबांची जुनी स्कूटर आहे घरी, ह्याच घराण्यातली, ७० च्या दशकातली. इंजिन चालू होईल असं मेकॅनिक म्हणतो. पण पाटा खालून पूर्ण गंजलाय, आमच्याकडची हवा तुम्हाला माहीतच, कार्पेट उचललं तर रस्ता दिसतो. एकाने सांगितलं वरून नवीन पत्रा मारून रिव्हेट करतो, दोन हजारात काम. करू का?

जुना_गॅरेजवाला

नको. अजिबात नको.

वर रेखाटन सरांनी सांगितलं ते परत वाचा, ह्या गाडीला वेगळी चासी नाही. तो पाटा आणि त्याच्या खालचा मधला पोकळ कणा, ह्यांनीच पुढचं हँडल आणि मागचं इंजिन एकमेकांना धरून ठेवलंय. वरून पत्रा मारला तर गंज झाकला जाईल, आत कणा कुजतच राहील, आणि एक दिवस खड्ड्यात गाडी मधून बसेल. मोटरसायकलवर गंज म्हणजे दिसायला वाईट, इथे गंज म्हणजे सांगाडाच गेला.

आधी सगळं उतरवा, इंजिन काढा, रंग खरवडून काढा आणि कणा कुठपर्यंत चांगला आहे ते हातोडीने टकटक करून बघा. फक्त पाटा गेला असेल तर नवीन पाटा तयार मिळतो. पण जुना कापायच्या आधी हँडलच्या नळीपासून सीटखालच्या भागापर्यंत लोखंडी पट्टी किंवा पाइप तात्पुरता वेल्ड करून घ्यायचा म्हणजे घ्यायचाच. नाहीतर पाटा कापल्या कापल्या पुढचा आणि मागचा भाग आपापल्या दिशेने सरकतो, मग कितीही छान वेल्डिंग करा, दोन्ही चाकं एका रेषेत येत नाहीत. नवीन पाटा बसवल्यावर कण्याच्या आतून गंजरोधक मेण फवारून घ्या, कोकणात तर दर पावसाळ्याआधी. स्पॉट वेल्ड जिथे होते तिथेच प्लग वेल्ड (भोक पाडून भरलेला जोड) मारा, सगळीकडून सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने पत्रा वाकतो.

दोन हजारात होणार नाही हे. कणा धड असेल तर करण्यासारखं आहे, कणाच गेला असेल तर दुसरी बॉडी शोधणं स्वस्त पडेल, पण मग आरटीओच्या कागदांवरचा चासी नंबर त्या जुन्या पत्र्यावरच कोरलेला असतो हे विसरू नका, तो भाग कापून टाकलात तर गाडी कागदावर उरत नाही.

रत्नांग्रीचो_पिंट्या

बापरे. बरं झालं विचारलं. नंबर कुठे असतो?

जुना_गॅरेजवाला

तुमची नेमकी कुठली आहे त्यावर, बहुतेकांना मागे इंजिनाच्या गालाखाली बॉडीच्या पत्र्यावर. गाल काढा, पुसून बघा, आरसी बुकशी ताडा. आणि पाट्याचे फोटो टाका, वरून नको, गाडी आडवी करून खालून. टाकी आधी रिकामी करा.